चिहुलीची काच आणि उद्यमनगरची भट्टी

साठीचा_कट्टा | रविवार, पहाटे ३:४०

मंडळी नमस्कार. तीन महिने लेकीकडं सिएटलला राहून मागच्या आठवड्यात कोल्हापुरात परत आलोय, जेटलॅग अजून उतरलेला नाही, पहाटे तीनला टक्क जागा असतो, म्हणून हा धागा.

तिकडं जाऊन सगळे जे बघतात ते आम्हीपण बघितलं, पण डोक्यात राहिलंय एकच. स्पेस नीडल म्हणून तिथला उंच मनोरा आहे, त्याच्या अगदी पायथ्याला 'चिहुली गार्डन अँड ग्लास' म्हणून जागा आहे, २०१२ ला उघडली. तिकिटाचा आकडा बघून मी लेकीला म्हणालो, काच बघायला एवढे पैसे? महाद्वार रोडला बांगडीच्या दुकानापुढं उभा राहून फुकट बघतो की मी. ती म्हणाली, बाबा गप चला.

आत गेलो आणि खरंच गप झालो. एका अंधाऱ्या खोलीत काळ्या चकचकीत फरशीवर दोन जुन्या लाकडी होड्या, एकीत काचेचे मोठ्ठाले गोळे, दुसरीत काचेच्या वेली, पानं, शेंड्या, आणि खालच्या फरशीत सगळ्याचं प्रतिबिंब, म्हणजे रंकाळ्यावर संध्याकाळी पाणी स्थिर असतं ना तसं. पुढच्या एका खोलीत छतच काचेचं आणि त्याच्यावर शेकडो रंगीत शिंपले-थाळ्या-फुलं अंथरलेली, वरून उजेड, भिंतींवर रंग सांडलेले. शेवटी एक ४० फूट उंच काचघर, त्यात वरून लोंबणारी १०० फूट लांबीची लाल-केशरी-पिवळ्या फुलांची माळ. बाहेर बागेत खरी झाडं आणि त्यात काचेची झाडं. पाऊस पडत होता (तिथं पडतच असतोय), खऱ्या पानावरनं थेंब ओघळतोय आणि शेजारच्या काचेच्या पानावरनंपण, बायको बराच वेळ एका निळ्या बोरूसारख्या काठीकडं बघत राहिली आणि म्हणाली, ह्याला पाणी घालत असतील का हो.

तर हा काचकलाकार डेल चिहुली. जन्म १९४१, गाव टॅकोमा, सिएटलच्या खालतीच. घरची गोष्ट वाईट आहे, मोठा भाऊ नौदलात विमान शिकताना १९५७ ला गेला आणि वर्षभरातच वडील हार्ट अटॅकनं. आईनं एकटीनं वाढवला. आईला बागेचा नाद, आणि तो स्वतःच सांगतो की रंग मी तिथं बघितले. २००३ मध्ये त्यानं 'मिल्ले फिओरी' म्हणून काचेची आख्खी बाग केली ती आईच्या बागेच्या आठवणीतनं, इटालियनमध्ये त्याचा अर्थ हजार फुलं.

शिकला इंटिरियर डिझाइन. १९६५ मध्ये घराच्या तळघरात खिडकीच्या रंगीत काचेचे तुकडे वितळवून एका लोखंडी पाइपनं फुंकले आणि फुगा आला. त्या एका फुग्यावर सगळं आयुष्य लावलं बघा. मग विस्कॉन्सिनला हार्वी लिटलटनकडं काचकाम शिकला, १९६८ ला फुलब्राइट स्कॉलरशिपवर थेट व्हेनिसजवळच्या मुरानो ह्या काचेच्या बेटावर वेनिनीच्या काच कारखान्यात गेला.

आणि आता ज्याच्यासाठी धागा काढला ते. १९७६ ला इंग्लंडमध्ये कारचा अपघात, समोरच्या काचेतनं बाहेर फेकला गेला, डावा डोळा गेला. तेव्हापासनं डोळ्यावर काळी पट्टी. १९७९ ला समुद्रात लाटांवर खेळताना खांदा निखळला. त्यानंतर त्यानं मुख्य फुंकणाऱ्याची जागा सोडली ती सोडलीच. म्हणजे मी जे बघून आलो त्यातलं बहुतेक त्यानं स्वतःच्या हातानं फुंकलेलं नाही! तो चित्रं काढून देतो, उभा राहून सांगतो, टीम करते. खाली नाव चिहुली.

विमानात अठरा तास हाच विचार केला. तुम्हाला काय वाटतं?

तांबडा_पांढरा | रविवार, सकाळी ८:१५

काका लय भारी लिवलंय पण उत्तर सोपं हाय. जो फुंकतोय त्याची काच. बाकी सगळं मार्केटिंग. पैलवान आखाड्यात उतरतोय, वस्ताद कट्ट्यावर बसतोय, गदा कुणाला मिळते? पैलवानाला.

कुंचला | रविवार, सकाळी ९:०२

वस्तादाचं नाव पुकारल्याशिवाय पैलवान लाल मातीत पाऊल ठेवत नाही हो आपल्याकडं. उदाहरण उलटं पडलं तुमच्यावर.

मी चित्रकला शिक्षिका आहे, २६ वर्षं शाळेत शिकवतेय. चिहुलीबद्दल एक गोष्ट मला फार आवडते, डोळा गेल्यावर त्याला खोली कळेना, समोरची वस्तू किती लांब आहे हे एका डोळ्याला नीट कळत नाही, आणि हातात भट्टीतनं काढलेली काच. पुढं खांदापण गेल्यावर तो बाजूला झाला आणि त्याला पहिल्यांदा सगळं काम एकत्र दिसलं, म्हणजे कोण कुठं उभा आहे, काच कुठल्या बाजूला झुकतेय. मग त्यानं चित्रं काढायला घेतली टीमला कळावं म्हणून, चित्रं म्हणजे काय तर जमिनीवर मोठे कागद टाकून त्यावर रंगाच्या बाटल्याच पिळायच्या. त्यात मापं नाहीत, नुसता जोर आहे. मेस्त्रीनं ते बघून समजून घ्यायचं.

आता सांगा, आबालाल रहिमान कोटीतीर्थावर एकटे बसून निसर्ग रंगवायचे, तिथं हात आणि डोळा एकाच माणसाचा. ते एक. आणि कावळा नाक्यावरचा ताराराणींचा पुतळा, घोडा मागच्या दोन पायांवर उभा, तो आपण रवींद्र मेस्त्रींचा म्हणतो. एवढं ओतकाम काय एकट्या माणसानं होतं का? तरी कुणी विचारत नाही की धातू कुणी ओतला. काचेलाच का हा प्रश्न?

मी_आलो | रविवार, सकाळी १०:३०

वाचायला आलो. (हो मुलगीच आहे, कोल्हापूरची आहे, आता पुण्यात राहतो, इथले लोक अजून हसतात.) होड्यांचा किस्सा काकांनी अर्धाच सांगितला! १९९५ मध्ये तो फिनलंडला नुताजार्वी म्हणून गाव आहे तिथं काम करत होता, तिथं नदी आहे, तर ह्या माणसानं तयार काचा पुलावरनं सरळ नदीत फेकायला सुरुवात केली, बघूया पाण्यात कशा दिसतात म्हणून. गावातली पोरं होड्या घेऊन गेली आणि एकेक गोळा करून होडीत भरायला लागली. त्यानं ती भरलेली होडी बघितली आणि तिथनं होड्यांची मालिका सुरू. आपल्या पंचगंगेच्या घाटावर नारळ पकडायला उड्या मारणारी पोरं आठवली मला डायरेक्ट. म्हणजे ती कल्पना कुणाची? पोरांची! पण ओळखली त्यानं.

तांबडा_पांढरा | रविवार, सकाळी १०:४१

म्हणजे परत दुसऱ्याचंच 😀

उद्यममेस्त्री | रविवार, दुपारी २:२०

जेवून बसलोय, आज भट्टी बंद, म्हणून मोठं लिहितो. मी फौंड्रीवाला माणूस, उद्यमनगरात आमचं छोटं युनिट आहे, पितळ आणि अ‍ॅल्युमिनियमचं ओतकाम, धातू वितळवायच्या दोन मुशी, एक हीट ट्रीटमेंटची भट्टी. तांबडा-पांढरा भावा, तू कधी ओतताना बघितलंयस का? लाडल, म्हणजे वितळलेला धातू ओतायचं भांडं, दोघांनी धरायचा, एकजण मळी बाजूला करतोय, एकजण मोल्डवर लक्ष ठेवतोय, आणि मेस्त्री नुसता बघतोय आणि "हां... आता... बस" म्हणतोय. तो "बस" अर्ध्या सेकंदानं चुकला की जॉब स्क्रॅप. त्या "बस"चा पगार असतोय मेस्त्रीला. तुझ्या हिशोबानं त्यानं काहीच केलं नाही.

पण मला ह्या विषयात वेगळाच किडा आहे. दोन वर्षांपूर्वी मी काच वितळवली होती. हसू नका. घरात आईच्या जुन्या फुटक्या बांगड्यांचा डबा होता, टाकवत नव्हत्या. म्हटलं वितळवून त्यांचा एक गोळा करूया, आठवण. बांगड्या कमी पडल्या म्हणून सोड्याच्या दोन-तीन बाटल्या फोडून घातल्या. पितळाच्या मुशीत, डिझेलच्या भट्टीत, पितळापेक्षा जास्त तापवायला लागलं आणि तरी पाण्यासारखी होईना, काकवीसारखी नुसती ओढली जातेय. वाळूत खळगा करून ओतली. काय दिसत होती! लाल, आतनं पिवळी, मला वाटलं झालं आपलं काम. सकाळी नेऊ म्हणून तशीच वाळूत ठेवून घरी गेलो. रात्री वॉचमनचा फोन, शेठ, आत काहीतरी टक् टक् वाजतंय. सकाळी बघतो तर आठ-दहा तुकडे. एक टेबलावर ठेवला तर तो दुपारी परत आपोआप फुटला. आई वरनं रागावली असं बायको म्हणाली.

तेव्हापासनं कुणाला सांगितलं नव्हतं. का फुटलं असेल?

काचबिंदू | रविवार, सायंकाळी ५:५५

मेस्त्री, आईंचा काही संबंध नाही, दोन चुका झाल्या. (माझ्या आयडीवर जाऊ नका, मी डोळ्यांचा डॉक्टर नाही. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं काचेची उपकरणं बनवणं आणि दुरुस्त करणं हेच काम केलं, निवृत्त झालो.)

पहिली चूक. काच बाहेरनं आधी गार होते आणि घट्ट होते, आतली अजून गरमच असते. मग आतली गार होताना आक्रसायला बघते, पण बाहेरचं कवच हलत नाही. झाली ओढाताण. ती ओढाताण आत कायमची अडकून बसते आणि कधीतरी टक्. तुमच्या कास्टिंगला स्ट्रेस रिलीव्हिंग करता की नाही? तेच. फुंकलेली काच लगेच साधारण ५०० अंशांच्या आसपासच्या भट्टीत ठेवतात, बाटलीची काच असेल तर ५४०-५५०, तिथं ती निवांत होऊ द्यायची आणि मग हळूहळू उतरवायची. छोट्या वस्तूला काही तास, जाडजूड वस्तू असेल तर दिवसच्या दिवस. चिहुलीच्या काय आणि मुरानोच्या काय, प्रत्येक नगाला ह्यातनं जावंच लागतं.

दुसरी चूक बाटल्या घातल्या ती. बांगडीची काच वेगळी, बाटलीची वेगळी, गार होताना दोन्ही सारख्या आक्रसत नाहीत. मग तुम्ही महिनाभर हळू गार केली तरी सांध्यावर तडा जाणार. म्हणून रंगीत काम करणारे आपली पारदर्शक काच आणि रंगाच्या काड्या एकमेकांना जुळणाऱ्याच वापरतात. चिहुलीची १९८१ ची 'माकिया' म्हणून मालिका आहे, मोठे वेडेवाकडे वाडगे, आत एक रंग, बाहेर दुसरा, मध्ये पांढऱ्याचा थर म्हणजे रंग एकमेकांत मिसळू नयेत, वर ठिपके, काठाला आणखी तिसरा. सकाळी उठला आणि ठरवलं, वर्कशॉपमध्ये जेवढे म्हणून रंग आहेत, ३००, ते सगळे वापरायचे. ऐकायला गंमत वाटते, पण असे वेगवेगळे रंग एका नगात बसवून तो न फुटता बाहेर काढणं ही कारागिरांची कमाल आहे. त्याच्या आईनं म्हणे त्यांना सुरुवातीला 'कुरूप' असं नाव ठेवलं होतं.

कराडकर | रविवार, रात्री ९:१०

काचेवर धागा आणि अजून कुणी ओगलेवाडीचं नाव घेतलं नाही? कराडचं रेल्वे स्टेशन जिथं आहे ती आमची ओगलेवाडी, ओगले ग्लास वर्क्स, प्रभाकर कंदील! तुमच्या सगळ्यांच्या आज्यांनी त्या कंदिलाची काच राखेनं पुसलीय. त्याच्या आधी १९०८ ला तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना, लोकांनी एकेक पैसा देऊन उभा केलेला. आपल्याकडं काच आली ती अशी, स्वदेशीसाठी, कंदील आणि बाटल्या. शोभेची काच म्हणजे झुंबर, ते राजवाड्यात.

माझे आजोबा ओगलेवाडीत कामाला होते. घरात त्यांची एक फुंकणी होती, लहानपणी आम्हाला वाटायचं चुलीचीच आहे फक्त लांब आहे.

कुंचला | रविवार, रात्री ९:४०

काय सुंदर वाक्य लिहिलंत कराडकर.

आणि आणखी मागं जायचं तर ब्रह्मपुरी आहेच की. पंचगंगेच्या काठावरची आपली टेकडी, १९४५-४६ ला सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं तिथं काचेचे मणी आणि बांगड्यांचे तुकडे निघालेत. टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये सगळे तो रोमन पॉसिडॉनचा छोटा पुतळा बघायला जातात. ह्याच मोरेश्वर दीक्षितांनी पुढं भारतीय काचेच्या इतिहासावर मोठं काम केलं. कोल्हापूरला काच नवी नाही.

साठीचा_कट्टा | सोमवार, पहाटे ४:०५

अरे वा, धागा धावतोय, मी झोपेत होतो तोवर (म्हणजे दुपारी).

निसर्गाचा मुद्दा राहिला माझा. मला आधी वाटलं होतं हा माणूस फुलं बघून काचेची फुलं करत असेल, म्हणजे प्लास्टिकची फुलं मिळतात त्याचा श्रीमंत अवतार. पण तिथं एक फूल असं नाही की ज्याला नाव देता येईल. जास्वंद म्हणावं तर जास्वंद नाही, जेलीफिश म्हणावं तर तीपण नाही. तरी बघितल्यावर वाटतं की हे कुठंतरी उगवलेलं आहे, केलेलं नाही. हे कसं जमतंय ते कुणीतरी सांगा.

काचबिंदू | सोमवार, सकाळी ११:२०

काका, ह्याला दोन वाटा आहेत आणि दोन्ही मला प्रिय आहेत.

एक ब्लाश्का बापलेकांची. लिओपोल्ड आणि रुडॉल्फ, जर्मनीत ड्रेस्डेनजवळ राहायचे. १८८७ ते १९३६ अशी जवळजवळ पन्नास वर्षं त्यांनी हार्वर्ड विद्यापीठासाठी काचेच्या वनस्पती केल्या, ७८० च्या आसपास जाती, सुटे भाग धरून ४,००० च्या वर नमुने. बाप १८९५ ला गेला, पुढं मुलानं एकट्यानं चालवलं. मदतनीस नाहीत, तांबडा-पांढरा ह्यांना आवडतील अशी माणसं. भट्टीपण नाही, टेबलावर दिवा, त्याच्या ज्योतीत काचेच्या काड्या आणि नळ्या मऊ करून चिमट्यानं ओढायच्या, माझ्या कामासारखंच. त्यात काजूची फांदी आहे, बोंड आणि खाली लटकलेली बी, आजरा-चंदगडच्या माणसानं बघितली तर हात पुढं करेल. रुडॉल्फनं म्हातारपणी नासकी फळं केली, बुरशी आलेली, डाग पडलेली, सगळी काचेत. तिथं काच स्वतःला विसरते. बघणाऱ्याला काच दिसताच कामा नये.

चिहुली बरोबर उलटा. तो काचेला काच राहू देतो. फुगा फिरवला की बाहेरच्या बाजूला पसरतो, फिरवायचा थांबला की खाली झुकतो, जिथं जास्त गरम तिथं जास्त वाहतो. निसर्गात पाकळी उलगडते, शिंपला वाढतो, त्यातपण असलंच वजन-ओढ-वाढ ह्याचं काहीतरी असतं. म्हणून त्याची वस्तू उगवल्यासारखी दिसते. १९७७ च्या 'बास्केट'चं बघा. टॅकोमाच्या एका म्युझियममध्ये त्यानं तिथल्या आदिवासींच्या जुन्या विणलेल्या टोपल्या बघितल्या, एकात एक ठेवून ठेवून आपल्याच वजनानं कलंडलेल्या. दुसऱ्या कुणी विणकाम काचेवर कोरलं असतं, ह्यानं फक्त ते कलंडणं घेतलं. गरम काच जरा जास्त पातळ केली आणि पडू दिली. भोकं पडायच्या आत थांबायचं बस्स.

नंतर १९८० ला 'सीफॉर्म', तिथं काच एवढी पातळ करायची होती की उभी राहीना, मग आतनं खाचा असलेल्या साच्यात फुगा दाबून त्याला शिरा पाडल्या. शिंपल्याला शिरा का असतात? कमी मालात ताकद यावी म्हणून. पत्र्याला नाळ्या पाडतात तसंच. म्हणजे तो समुद्राची नक्कल करायला गेलाच नाही, अडचण सोडवायला गेला आणि शिंपल्याच्याच उत्तरापाशी पोचला.

उद्यममेस्त्री | सोमवार, दुपारी १:१०

शिरा पाडणं म्हणजे आमच्या कास्टिंगला रिब देतोय तेच. आता कळलं. नाद खुळा समजावलंय सर.

तांबडा_पांढरा | सोमवार, दुपारी ३:३०

सर लेक्चर भारी, मान्य. पण मी काल रात्री वाचत बसलो होतो आणि मला एक सापडलंय. ह्याच चिहुलीनं २००५ मध्ये कोर्टात केस केली होती, त्याच्याकडंच आधी काम केलेल्या एका फुंकणाऱ्यावर, की माझ्यासारखे आकार करतोय म्हणून. २००६ ला बाहेरच मिटवली. म्हणजे बघा, आकार समुद्राचा, वाकवलाय गुरुत्वाकर्षणानं, फुंकलाय दुसऱ्यानं आणि हक्क ह्याचा? आता बोला.

मी_आलो | सोमवार, दुपारी ३:४५

आयला. हे मला पटलं.

कुंचला | सोमवार, सायंकाळी ६:३०

मलाही तिथं तो आवडत नाही. हे बोलायलाच पाहिजे. बापट कॅम्पमध्ये एका कुंभाराच्या गणपतीची बैठक दुसऱ्यानं उचलली तर वर्षभर तोंड बघत नाहीत एकमेकांचं, पण पुढच्या वर्षी दोघंही तीच बैठक करतात. परंपरा अशीच पुढं जाते.

पण त्याच माणसाची दुसरी बाजू पण बघा. मुरानोत १२९१ पासनं भट्ट्या आहेत, आगीच्या भीतीनं व्हेनिसमधनं त्या बेटावर हलवलेल्या, आणि तिथली विद्या बाहेर जाऊ द्यायची नाही अशी शतकानुशतकांची रीत. चिहुली १९६८ ला तिथं गेला आणि बघून काय आला, तर टीम. अमेरिकेत तेव्हा काचकलावाले एकेकटे आपापल्या भट्टीवर झगडत होते. १९७१ ला ह्यानं २००० डॉलरच्या ग्रँटवर सिएटलच्या उत्तरेला एका जोडप्याच्या जंगलजमिनीवर उन्हाळी शिबिर काढलं, पोरांनी स्वतः भट्टी बांधली, स्वतः तंबू ठोकून पावसात राहिली. तीच पुढं पिलचक ग्लास स्कूल. १९७९ ला तिथं मुरानोचा लिनो टालियापिएत्रा शिकवायला आला. घरची विद्या परक्या पोरांना दाखवली म्हणून मुरानोच्या लोकांना ते रुचलं नाही, पण त्यानं शिकवलं. आज सिएटलच्या परिसरात काचेचं काम करणाऱ्यांचं जे गाव झालंय ते त्यातनं. केस करणारा तोच आणि शाळा काढणारापण तोच. माणूस आहे.

कराडकर | सोमवार, रात्री ८:००

माझा प्रश्न साधा आहे. कोल्हापुरात फौंड्री आहेत, चांदीला हुपरी आहे, गुजरी आहे, मूर्तिकार आहेत, चित्रकार तर गल्लोगल्ली. मग काच फुंकणारा एकपण का नाही? बांगडी आपण फिरोजाबादवरनं आणतो.

उद्यममेस्त्री | सोमवार, रात्री ८:२५

भट्टी बंद करता येत नाही म्हणून. पितळाची भट्टी मी सकाळी पेटवतो, संध्याकाळी बंद. काचेची मूस वितळलेली ठेवायची तर दिवसरात्र ११०० च्या वर ठेवायला लागतीय, गार केली तर मूसच तडकायची. डिझेलचं बिल कोण भरणार? आणि इंडक्शनवर घेतो म्हणशील तर गार काच करंटच घेत नाही, तापेल कशी. मी चौकशी केलीय सगळी. मागच्या वेळी फुटल्यावर गप बसलो नव्हतो मी.

काचबिंदू सर, एक विचारू का. ह्या वेळी नुसत्या एकाच जातीच्या बाटल्या घेतल्या, आणि ओतायच्या ऐवजी पाइपला गुंडाळून फुंकल्या, आणि लगेच आमच्या हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत ५४० ला टाकल्या तर? त्या चिहुलीनं तळघरात पाइपनं केलं म्हणताय तर आपल्याकडं पाइपला काय तोटा आहे.

काचबिंदू | सोमवार, रात्री ८:५०

होईल. पण ऐका.

जीआय पाइप अजिबात घ्यायचा नाही. त्यावरचं जस्त तापलं की धूर होतो, तो छातीत जाऊ देऊ नका. स्टेनलेसचा घ्या, साडेचार-पाच फूट, टोक आधी लालसर तापवून घ्या नाहीतर काच चिकटणार नाही. काच गोळा करताना पाइप सतत फिरवत राहायचा, थांबला की एका बाजूला लोंबणार. फुंकायचं जोरात नाही, आधी नुसती थोडी हवा आत सोडायची आणि तोंडाशी अंगठा धरायचा, हवा आतल्या उष्णतेनं फुगते आणि फुगा आपोआप येतो. आकार द्यायला ओला केलेला वर्तमानपत्राचा जाड पुडा हातात, मोठमोठे कलाकारपण तेच वापरतात. काच वितळल्यावर लगेच हात घालू नका, तीन-चार तास तशीच ठेवा, आतले बुडबुडे निघू देत. चष्मा, पूर्ण बाह्या, सुती कपडे. आणि बाटल्या एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या.

साठीचा_कट्टा | मंगळवार, पहाटे ३:१५

मेस्त्री मी येणार बघायला. झोप येतच नाहीय, रात्री-बेरात्री केलं तरी चालेल.

मी_आलो | शुक्रवार, सकाळी ९:२०

काय झालं? मेस्त्री गायब. काका पण गायब.

तांबडा_पांढरा | शुक्रवार, सकाळी ९:३३

फुटलं असणार.

साठीचा_कट्टा | शनिवार, पहाटे ५:००

मी काही बोलणार नाही, मेस्त्रींनीच सांगायचं. एवढंच सांगतो की गुरुवारी रात्री भट्टीपुढं उभा होतो आणि तीन महिन्यांत सिएटलला जे कळलं नाही ते पाच मिनिटांत कळलं, काच बाहेर आली की कुणाला विचार करायला वेळच नसतो. सगळे ओरडत असतात. मीपण ओरडत होतो, मला काही कळत नसताना.

उद्यममेस्त्री | रविवार, दुपारी १२:४५

मंडळी, सांगतो. हिरव्या बाटल्या घेतल्या, बावीस. मूस सकाळी लावली, रात्री आठला हात घातला. पहिला गोळा पाइपवरनं घसरून खाली पडला. दुसरा फुंकताना एवढा पातळ झाला की उडून गेला नुसता, पापडासारखा. तिसऱ्याला मी फुंकलं, पाइप आमच्या हेल्परनं फिरवला कारण माझा मनगटाचा जुना त्रास, धाकटा भाऊ भट्टीवर, काका ओला 'पुढारी' घेऊन उभे. मधेच हेल्पर फिरवायचा थांबला, गोळा एका अंगानं लोंबायला लागला, मी ओरडणार तेवढ्यात काका म्हणाले राहू दे राहू दे, तसाच राहू दे. राहू दिला. टोक थोडं वर वळलं आणि तिथंच थांबलं. ठोकून पाइपवरनं सोडवला, ५४० ला टाकला, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत भट्टीचं दार उघडलं नाही, बायकोचे चार फोन आले.

आख्खा निघाला. वीतभर आहे, हिरवा, आत बारीक बुडबुडे भरपूर. बायको म्हणाली वांगं आहे. भाऊ म्हणाला आंबा. काका म्हणाले नाव देता येत नाही हीच तर गंमत. दोन दिवस टेबलावर आहे, अजून टक् झालेलं नाही, मी रात्री उठून कान लावून येतोय. आईच्या बांगड्यांचे तुकडे शेजारी वाटीत ठेवलेत.

आता तांबडा-पांढरानं सांगावं. फुंकलं मी, फिरवलं हेल्परनं, वळण आलं ते तो थांबला म्हणून, राहू दिलं काकांनी, अक्कल सरांची. खाली नाव कुणाचं घालू?

तांबडा_पांढरा | रविवार, दुपारी १२:५८

आधी फोटो टाक भावा. नावाचं बघू मग.